बर्फ लावलेला ओठ

हमीदभाई पटवेकरी एका जागी बसतील तर शपथ! कसबा पेठेतलं दुकान हातभर, आणि तिथेही ते टिकतात कारण दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला असतो. चाळीस वर्षं एकच काम, काळे मणी ओवायचे, मंगळसूत्रं गाठवायची. आणि एकच हट्ट, मणी काचेचाच.

त्यांच्या आजोबांच्या वेळी मणी बोटीने यायचे, पार युरोपातून. मग उत्तरेतून यायला लागले, पुरदिलनगरहून, काचेची सळई आगीवर धरून एकेक केलेले. आता गोणीच्या गोणी येतात आणि काच म्हणून प्लॅस्टिकही खुशाल गळ्यात मारतात. हमीदभाईंची परीक्षा साधी. मणी वरच्या ओठाला लावायचा. गार लागला तर काच.

मंगळवारी दुपारी त्यांची दाढ काढली. डॉक्टर म्हणाले, घरी पडून राहा, बर्फ धरा. त्यांच्या बायकोने, मुमताजने, दहादा बजावलं. पण पडून राहतील ते हमीदभाई कसले! गालाला बर्फ लावून दुकानात हजर. तेवढ्यात मण्यांचं नवं पाकीट आलं. सवयीने एक मणी ओठाला लावला. गालावरच्या बर्फाने ओठही गारठलेला, त्याला काहीही लावलं तरी गारच वाटणार ना. त्यातलेच मणी घेऊन त्यांनी हडपसरच्या यमुनाबाईंचं काम संध्याकाळी पुरं करून दिलं. नातवाचं, सलिलचं, लग्न होतं बुधवारी. यमुनाबाईंनी स्वतःच्या सोन्याच्या वाट्या नातसुनेसाठी, श्रद्धासाठी, दिल्या होत्या आणि निक्षून सांगितलं होतं, मणी काचेचेच.

बुधवारी सकाळी दहाला हमीदभाईंनी दुसऱ्या कामासाठी तेच पाकीट उघडलं, मणी ओठाला लावला आणि हातच थांबला. गार नाही. दुसरा लावला. तिसरा. सगळं प्लॅस्टिक.

मुहूर्त होता अकरा बावन्नचा.

गाठ पडायच्या आत पोचलं तर ठीक. एकदा ते श्रद्धाच्या गळ्यात पडलं की संपलं, लग्नाच्या दिवशी नवरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र कोण काढू देईल? यमुनाबाईंना फोन लावला, सहा वेळा. वाजत राहिला. मग जुन्या डब्यातले काचेचे मणी काढून त्यांनी दोन पदर ओवायला घेतले. घाईत मणी जमिनीवर सांडत होते, मध्येच दोरा तुटला, पुन्हा पहिल्यापासून. मुमताज बाहेर स्कूटर चालू करून उभी. ती एवढंच म्हणाली की कुणाला कळणार नाहीये, अजूनही विचार करा. हमीदभाई मागे बसले तेव्हा अकरा वाजून पाच झाले होते.

हडपसरचा ट्रॅफिक काय सांगायचा. सिग्नलला ते दोनदा उतरून पुढे चालायला लागले, मुमताजने दोनदा ओरडून परत बसवलं.

कार्यालयात पोचले तेव्हा पावणेबारा होत आले होते. मंगळसूत्र ताटात अक्षतांवर ठेवलेलं, गुरुजी घाई करत होते. यमुनाबाई पहिल्या रांगेत. हमीदभाई वाकून त्यांच्या कानाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं, दाढ, बर्फ, पाकीट, सगळं.

यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गालाच्या सुजेकडे.

"आत्ता सांगताय?"

"मावशी, आत्ताच कळलं."

"आणि न सांगता घरी बसला असतात तर?"

"नसतं बसवलं."

त्या उठल्या, गुरुजींपुढचं ताट सरळ उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. गुरुजी मुहूर्ताचं काहीतरी बोलायला लागले तर म्हणाल्या, "अंतरपाट धरा तोवर, मंगलाष्टकं सावकाश म्हणा. नाहीतरी तुम्ही फार भरभर म्हणता."

हमीदभाई खाली फरशीवर बसले, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला. दारात बायका जमल्या, पैठण्या सावरत बघायला लागल्या. वाट्या सोडवल्या, नव्या पदरात घातल्या, गाठी मारल्या. बाहेर शेवटचं मंगलाष्टक चालू झालेलं ऐकू येत होतं. यमुनाबाईंनी एक मणी आपल्या ओठाला लावून पाहिला, ताट उचललं आणि गेल्या.

टाळ्या, वाजंत्री. सलिलने मंगळसूत्र घातलं. श्रद्धाला कशाचाच पत्ता नव्हता, ती फोटोग्राफरकडे बघून हसत होती.

यमुनाबाई जेवून जा म्हणाल्या, आग्रहच केला. हमीदभाई पानावर बसलेही. पहिला घास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

मुमताजने विचारलं, दुखतंय का?

"काल अजून एकीला दिलंय," ते म्हणाले. "त्याच पाकिटातलं. खराडीची राजनंदिनी, ऑफिसातून घ्यायला आली होती. तिच्या तर गळ्यात असेल."

मुमताजने आपल्या पानावरची जिलबी रुमालात गुंडाळली, हेल्मेट उचललं आणि विचारलं, "मणी आहेत का बरोबर, की परत कसब्यात जायचं?"

हमीदभाई तोवर चपला शोधायला गेलेसुद्धा.