मेहेत्रे बाई आणि आमचा ओटा

मेहेत्रे बाई सकाळी सात वाजता बुलढाण्याला दवाखान्यात वारल्या.

साडेदहाला त्या दुसरबीडला माझ्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या.

आज वर्ष झालं. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही हसलो होतो, तेही माईकवर. पुढे सांगतो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं. बाई आमच्या शाळेत शिक्षिका होत्या. रिटायर झाल्या तरी त्यांचं एक काम सुटलं नाही. कोणी पोरीची शाळा बंद केल्याचं कळलं, की त्या त्याच्या ओट्यावर जाऊन बसायच्या.

भांडण नाही, भाषण नाही. पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत.

येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, इथं काऊन बसल्या?"

"पोरीची वाट पाहून राह्यले."

बस, एवढंच. दुपारपर्यंत घरधन्याला तोंड लपवायला जागा उरायची नाही. आमच्या बाबांनी ताईची शाळा बंद केली, तेव्हा बाई दोन दिवस बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाबांनीच ताईचं दप्तर आणून दिलं. ताई आज नर्स आहे.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि मी काय केलं?

माझ्या वैष्णवीचं अकरावीचं कॉलेज बंद केलं.

जालन्याकडचं चांगलं स्थळ आलं होतं. म्हटलं, लग्न ती अठराची झाल्यावर करू, बोलणी तर करून ठेवू. उगाच रोज एसटीनं सिंदखेडराजाला कशाला पाठवायचं? पोरगी रडली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि त्याच महिन्यात, माजी विद्यार्थी संघाचा सचिव म्हणून, मी बाईंचा जीवनगौरव सत्कार ठरवला! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. दुसरं काय.

शाळेच्या पटांगणात मंडप. स्टेज, शाल, श्रीफळ. जुने सर आले, कुठकुठले माजी विद्यार्थी आले. बाईच नाहीत. फोन बंद.

मी त्यांचा परिचय वाचत होतो, "मुलींच्या शिक्षणासाठी उभं आयुष्य झिजवलं..." तेवढ्यात माझ्या बायकोचा, सुनिताचा फोन.

"आवो, बाई येऊन बसल्या ओट्यावर."

"कोण बाई?"

"मेहेत्रे बाई. पाणी दिलं तर घेऊन नाही राह्यल्या. म्हणे, पोरीची वाट पाहून राह्यले."

माझे कान तापले. सगळ्या गावासमोर इज्जत जायची वेळ. म्हणून मी विनोद केला. माईकवर म्हणालो, "मंडळी, बाई सत्काराला येऊ शकत नाहीत. त्या आजही ड्युटीवर आहेत!"

टाळ्या पडल्या.

मुख्याध्यापक टाळ्या वाजवत नव्हते. फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं, की बाईंना काल संध्याकाळी बुलढाण्याला ॲडमिट केलं होतं. आज सकाळी सातला त्या गेल्या.

मी घरी कसा पोचलो, मला आठवत नाही.

ओटा रिकामा होता. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. थंडीचे दिवस, सावलीतली फरशी. मी हात ठेवला. एका जागी ती कोमट होती.

"वैष्णवी कुठाय?"

"कॉलेजात गेली. बाई बसल्या म्हटल्यावर मीच पाठवली. पोरगी वळणावर गेली अन् मी मागं पाह्यलं, तर बाई नाहीत."

लोक म्हणतात, सुनितानं नाटक केलं. मीही तिला विचारलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "त्या गेल्या हे मले काय माहीत हो? मी तं पाया पडले त्यांच्या."

त्यानंतर पोरीला अडवायची माझी छाती झाली नाही. यंदा ती बारावीला आहे.

पण माणूस एवढ्यानं सुधारतो थोडाच! परवा त्याच स्थळाचा पुन्हा फोन आला. "बारावी झाली की उरकून टाकू. पुढं शिकून काय करायचं?" मी म्हणालो, "दोन दिवसांत पक्कं कळवतो." मनात हो होतंच. घरात कोणाला बोललो नाही.

आज सकाळी दार उघडायला गेलो. कडीला हात घातला, तेवढ्यात बाहेर सायकल थांबली. शेजारचे रहीमचाचा रोज याच वेळेला दूध घालायला निघतात. दारापलीकडून त्यांचा आवाज आला.

"सलाम बाई. आज इथं काऊन?"

मग ते गप्प झाले. समोरचा बोलत असताना आपण गप्प राहतो, तेवढा वेळ.

"हाव, बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि सायकल पुढे गेली.

चाचांचं वय झालंय. कोण आहे, कोण गेलं, याचा त्यांना विसर पडतो. मला माहीत आहे. तरी मी कडी काढली नाही. दारामागे उभं राहूनच जालन्याला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं त्यांनी. म्हणालो, "पोरगी शिकून राह्यली."

भीतीपोटीच नाही म्हणालो. लपवत नाही.

मग दार उघडलं. ओट्यावर कोणी नव्हतं. मी खाली वाकून फरशीला हात लावला नाही, तेवढी हिंमत नव्हती. वैष्णवी माझ्या बाजूनं उतरली आणि एसटी धरायला पळाली. तिला यातलं काही माहीत नाही, ही पोस्ट वाचूनच कळेल. पोरी, माफ कर.

बाई, पोरगी कॉलेजात गेली. पुढेही जाईल. मी आडवा येणार नाही, आज सगळ्यांसमोर लिहून देतो.

आता तुम्ही घरी जा.

तुमचा माजी विद्यार्थी, दोन्ही हात जोडून 🙏