मावशीला फुगडी घालायची होती

“ऊठ रे म्हाताऱ्या!” असं म्हणून मावशी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर चापट मारायची आणि मगच खुर्चीतून उठायची. गुडघा कुरकुरला तर दुसरी चापट.

तुमच्याही बाजारात अशी एखादी मासेवाली असेल, जिचा आवाज आधी पोचतो आणि टोपली मागून. ही तोंडवलीहून टेम्पोने कसालच्या बाजारात यायची. ओल्या फरशीवर घसरून गुडघा मोडला, प्लास्टर निघालं तेव्हा पाय काटकुळा झालेला. डॉक्टर म्हणाले, मांडीत बळ आणा. बाजारामागेच आमची जिम. दुपारी बायकांची वेळ, तेव्हा मी शिकवते.

मासे संपवून, हातपाय साबणाने धुवून, साडी वर खोचून ती दारात उभी राहिली. तरी बांगड्यांचा वास तिच्या आधी आत शिरला. ट्रेडमिलवरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला.

“रुमाल कशाक गो? ताजे आसत!”

मी विचारलं, “मावशी, तुमका काय व्हया?”

“माका फुगडी घालूची आसा. गौरीक. जावेबरोबर.”

आदल्या वर्षी सगळ्या बायका नाचल्या आणि ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवत राहिली. एवढं सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला.

मी तिला लेग प्रेसवर बसवलं. पाठ टेकलेली, पाय समोरच्या फळीवर. ढकललं की बैठक मागे सरकते. बैठक सरकली आणि मावशी किंचाळली, “अगो बाय! होडी सुटली!”

मग काय, मशीन म्हणजे तिचा जीव की प्राण. दर थोड्या दिवसांनी वजन वाढवायची, ते बाजारभर सांगायची. पण डंबेल छातीशी धरून खाली बसायला सांगितलं, तेव्हा ती सरळ गादीवर कलंडली. भारी रुसली.

“मशीन माका धरता. ह्यो मेलो माका पाडता!”

“म्हणानच तो व्हयो. फुगडीत मशीन खंय? थंय तोल तुमचो तुमका सांभाळूचो आसा.”

“जाव धरतली मा माका!”

“तिचो हात सुटलो तर?”

मावशीचे डोळे चमकले. “सुटलो? ती सोडतलीच! हाड तो डंबेल हकडे.” तिने हात पुढे केला.

मशीन सुटलं नाही, पण डंबेलशीही मैत्री झाली. आधी मागे खुर्ची ठेवून, मग खुर्चीशिवाय. बाजारातही डंबेलऐवजी सुरमई छातीशी धरून उठाबशा सुरू झाल्या. गिऱ्हाइकाने भाव विचारला की म्हणायची, “थांब रे, आधी माका उठूक दी!”

गौरीच्या सणाला तिने मला तोंडवलीला बोलावलं. अंगणात दोघी जावांनी हात गुंफले, पाय जुळवले आणि गरगर सुरू झाली. जाऊ उंच, शिडशिडीत, गावातली पट्टीची फुगडीवाली. पण धापा टाकत आधी तीच बसली! मावशी थोडी झोकांडली, पाय फाकवून सावरली आणि उभीच राहिली. बायकांनी एकच गलका केला.

“आता कोण येता गो?” म्हणत तिने माझेच हात पकडले. मी मागे झुकले मात्र, अंगण, माड, पताका, हसणारी तोंडं, सगळं एकमेकांत मिसळलं.

“मावशी, पुरे!” मी ओरडले.

तिला ऐकूच गेलं नाही. ती माझ्याहून मोठ्याने हसत होती.