उभ्या ओळी वाचणारी

मुंगी शाईत पडली आणि तशीच कागदावरून चालत गेली, तरी ती काय लिहून गेली ते सुहासिनीबाई वाचून दाखवतील, असं शनिवार पेठेत म्हणत. पेठेतलं बोलणं, त्यात निम्मी थट्टा असायचीच. पण उरलेलं निम्मं खरं होतं. सुहासिनी बेहेऱ्यांचे वडील जुन्या दप्तरातले मोडीवाचक. पोटी मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली विद्या मुलीच्या हाती दिली. विद्येबरोबर एक नियमही दिला. कागद हातात घेतला की शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. कंटाळा आला तर उठून तोंड धुऊन ये, पण ओळ गाळायची नाही. घोड्यांच्या दाणावैरणीच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि मध्येच लढाई येते.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट. सुहासिनीबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या आणि एका लहानशा इतिहास मंडळात जुन्या कागदांच्या नकला करत. मंडळाचे चिटणीस दिगंबरपंत एक दिवस म्हणाले, "बाई, कॅम्पात एक म्हातारी मड्डम आहे, मिस थॉर्नबी. डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या घरची जुनी पत्रं वाचून दाखवायला कोणी हवंय. कॉन्व्हेंटमधल्या दोन पोरी आल्या नि हात टेकून गेल्या. अक्षर वाचतच नाही म्हणे."

"इंग्रजीच ना?"

"इंग्रजीच. पण तुमच्या मोडीलाही लाजवील असं."

अक्षर वाचत नाही म्हटल्यावर सुहासिनीबाईंना घरी चैन पडणं शक्यच नव्हतं. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "पेशव्यांचं घर पाहून झालं, आता साहेबाच्या चुलीपर्यंत मजल गेली वाटतं आपली!"

"अहो, वाचायला जातेय, जेवायला नाही," असं म्हणून बाईंनी सायकल काढली आणि मंडईवरून सरळ कॅम्प गाठला.

मिस थॉर्नबी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. जन्म पुण्यातला. उभा जन्म कॅम्पातल्या मुलींना पियानो शिकवण्यात गेला. सत्तेचाळीस साली गोरे लोक सामान बांधून निघाले तेव्हा त्या निघाल्या नाहीत. "तिकडे मला ओळखतं कोण?" एवढंच त्या म्हणत. घरात त्या आणि वाघोलीची बायडाबाई, अशा दोघीच. त्यांचं आणि सुहासिनीबाईंचं बोलणं इंग्रजीत चाले.

पहिल्या दिवशी त्यांनी एक पत्र्याची पेटी पुढे सरकवली. "बेचाळीस पत्रं आहेत. माझ्या आजीनं विलायतेहून माझ्या वडिलांना लिहिलेली. ते इथल्या पलटणीत होते. एक्केचाळीस वाचून दाखवा, मग ती मी तिकडच्या एका नातलगाला पाठवीन. बेचाळिसावं वाचायचं नाही. ते मला ठाऊक आहे. ते बंबात जाईल."

"मग आजवर गेलं का नाही?" असं सुहासिनीबाईंच्या तोंडावर आलं होतं. पण पहिल्याच दिवशी काय बोलायचं!

त्यांनी पहिलं पत्र उघडलं आणि बघतच राहिल्या. पातळ कागदावर आडव्या ओळी लिहून झालेल्या. मग कागद फिरवून त्याच ओळींवर काटकोनात दुसऱ्या ओळी लिहिलेल्या. आडव्यावर उभं, गव्हाच्या चाळणीसारखं. टपाल महाग, कागद जड, म्हणून तिकडची थोरामोठ्यांच्या घरची माणसंसुद्धा असं लिहीत, असं मिस थॉर्नबींनी सांगितलं. आजीचं घर म्हणे चाळीस खोल्यांचं, आणि कागदाची ही काटकसर! सुहासिनीबाईंना त्या बाईचं भारी कौतुक वाटलं. त्यांनी काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट कापली, कागद डोळ्यांच्या पातळीला तिरका धरला, आणि हळूहळू आडव्या ओळी मागे सरून उभ्या पुढे येऊ लागल्या.

मग आठवड्यातून तीन दुपारी हेच. ऑगस्टा थॉर्नबी नावाची बाई ऐंशी वर्षांपूर्वीच्या थंडीतून बोलू लागली. सकाळी घंटा होते, मग सगळे नोकर रांगेनं प्रार्थनेला येतात. स्वयंपाकिणीशी बोलणं म्हणजे रोज चिठ्ठी पाठवणं. पाहुणे आले की कोणी कोणाच्या हाताला धरून जेवणघरात जायचं, हे आदल्या दिवशी ठरतं, आणि चुकलं तर दोन घराण्यांत वर्षभर अबोला. "म्हणजे आमच्याकडच्या लग्नातल्या मानपानासारखंच की!" सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि मिस थॉर्नबी प्रथमच हसल्या.

एका पत्रानं मात्र सुहासिनीबाई थबकल्या. त्या घरात टपालासाठी चामड्याची पिशवी होती. येणारं पत्र तिच्यातून यायचं, जाणारं तिच्यातून जायचं. पिशवीला कुलूप, आणि किल्ली घरधन्याच्या घड्याळाच्या साखळीला. जाणारं प्रत्येक पत्र तो आधी वाचे. चाळीस खोल्यांची मालकीण, सतरा नोकरांची धनीण, आणि स्वतःच्या लेकाला लिहिलेल्या कागदावर तिची सत्ता नाही!

सुहासिनीबाईंना यात नवल वाटायला नको होतं. त्या सासरी आल्या तेव्हा पोस्टमन पत्र सासऱ्यांच्या हातात देई आणि सासरे ते ओटीवर मोठ्यानं वाचत. माहेरचं कार्ड सगळ्यांचं ऐकून झालं की मग सुनेच्या हाती येई. आईनं त्यावर तोड काढली होती. ती मेतकुटाचा डबा पाठवायची. डब्याच्या तळाशी कागद, आणि त्या कागदाखाली दुसरा कागद. मेतकूट घराचं, खालचा कागद लेकीचा. डबा रिकामा व्हायला तीन आठवडे लागत. तोवर धीर धरायचा. हे त्यांनी आजवर यज्ञेश्वररावांनाही सांगितलं नव्हतं. मिस थॉर्नबींना सांगितलं.

डिसेंबर उजाडला. बायडाबाईनं म्हातारीच्या पायांवर शाल टाकली आणि म्हणाली, "बाईसायेब, लोकरीचं मोजं घाला की. पाय कसं गारठ्यात हायेत."

"मोजे नकोत," मिस थॉर्नबी एकदम तुटकपणे म्हणाल्या. मग सुहासिनीबाईंकडे वळून म्हणाल्या, "लहानपणी दर नाताळला विलायतेहून मोज्यांचा जोड यायचा. कोणा पाद्र्याची बायको पाठवायची, मिसेस लँग. पपा म्हणायचे, गरिबांसाठी विणलेले आहेत, धर्मादाय. मी एकदाही पायात घातले नाहीत. आयाच्या मुलीला देऊन टाकायची."

पुण्याच्या हवेत लोकरीचे मोजे! सुहासिनीबाईंना हसू आलं, पण म्हातारीचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

एक्केचाळिसावं पत्र संपलं त्या दुपारी बायडाबाईनं मागच्या अंगणात बंब पेटवला होता. मिस थॉर्नबींनी पेटीतून शेवटचं पाकीट काढलं.

"मिस थॉर्नबी," सुहासिनीबाई म्हणाल्या, "मी दप्तरातली बाई. न वाचलेला कागद जळताना मला पाहवत नाही. माझ्याकडून एकदा वाचून होऊ द्या. नंतर माझ्या हातानं बंबात घालीन."

"काय वाचणार? मला पाठ आहे." म्हातारी ताठ बसली आणि धडा म्हणावा तशी म्हणू लागली. "तुझ्या वडिलांचा निर्णय झाला आहे. तू सार्जंटच्या मुलीशी लग्न केलंस, यापुढे या घरात तुझं नाव निघणार नाही. होणाऱ्या मुलाशी या घराण्याचा काही संबंध राहणार नाही. ऑगस्टा थॉर्नबी. ते होणारं मूल मी, मिसेस बेहेरे. जन्माच्या आधीच नको झालेली."

"हे आडव्या ओळींत. उभ्या ओळींत?"

"मुरंबा!" मिस थॉर्नबींचा आवाज चिरकला. "पोटच्या मुलाला घराबाहेर काढलं आणि वर कागद फिरवून मुरंब्याच्या गप्पा! पपांनी तिथंच पत्र मिटलं आणि जन्मात पुन्हा तिला अक्षर लिहिलं नाही. ते गेल्यावर मी उघडलं, तर मीही दुसऱ्या ओळीपलीकडे जाऊ शकले नाही. इतकी संतापले."

गेले दोन महिने ज्या बाईची एकेक ओळ सुहासिनीबाईंनी पुठ्ठ्याच्या फटीतून ओढून काढली होती, ती बाई लेकाला आजारात काय खायचं ते चार पानं लिहिणारी होती. तिचा आणि या पत्राचा मेळ बसेना. शिवाय खाली सही झाल्यावर पुन्हा कागद फिरवून लिहायचं, ते काय मुरंब्यासाठी? त्यांनी पाकीट जवळजवळ ओढूनच घेतलं. म्हातारीनं हात आवळला नाही.

फट ठेवली, कागद तिरका धरला. त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"यंदा गूजबेरी उशिरा आली. मुरंबा बेचाळीस बरण्या झाला. पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरींना ठिगळं लावायला काढली आहेत. धोबीणघराच्या छपरातून पाणी येतं..."

मिस थॉर्नबींनी तोंड फिरवलं. बायडाबाई दारात येऊन म्हणाली, "बंब चांगला धरलाय. कागूद द्यायचा व्हता न्हवं?" सुहासिनीबाईंनी डाव्या हातानं तिला थांबवलं. तिसरी ओळ, चौथी ओळ. लोणी किती निघालं. सातवी. मेणबत्त्या. आठव्या ओळीला त्यांचा आवाज अडखळला, आणि मग अगदी हळू झाला.

"इथवर तुझे वडील वाचतील आणि कंटाळून पिशवीला कुलूप लावतील. आता मी बोलते. नेड, आडव्या ओळींतले शब्द त्यांचे आहेत. हात तेवढा माझा. मी त्यांच्यासमोर बसून ते लिहिले, कारण न लिहिते तर हा कागदसुद्धा तुझ्यापर्यंत आला नसता. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. मला मिसेस लँगच्या पत्त्यावर लिही, ती मला पोचवील. तुझं उत्तर आलं नाही तर तू रागावलास असं समजेन. तसा तुझा हक्कच आहे. पण तू रागावलास म्हणून बाळाचे पाय वाढायचे थांबणार नाहीत. दर नाताळला मी त्याच्या नावावर मोजे पाठवीन. माप मला कोण सांगणार? दर वर्षी एक बोट मोठे विणत जाईन."

लिहिलेल्या कागदांपुढे सुहासिनीबाई जन्मभर बसल्या होत्या. राजांची पत्रं वाचली, सरदारांची वाचली. पण असा कागद त्यांनी पाहिला नव्हता. सात समुद्रांपलीकडची ही बाई, तिचं घर कसलं, तिची भाषा कसली, आणि युक्ती अगदी आपल्या आईची! फक्त आपण डबा रिकामा होईपर्यंत थांबलो. इथं दोन माणसं वरच्या मेतकुटालाच चिडून उठली, आणि ऐंशी वर्षं गेली.

मिस थॉर्नबींनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेत एक अंतर धरलं. मग ते जरासं वाढवलं. पुन्हा जरासं.

"मी अकरा वर्षांची असताना शेवटचे आले," त्या म्हणाल्या. "मला पुष्कळ मोठे झाले असते." हात तसेच धरून त्या रडू लागल्या.

बायडाबाईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि पुढे होऊन तिचे पाय शालीत नीट गुंडाळले. "राहू द्या त्यो कागूद," ती म्हणाली. "पाणी गवऱ्यांवर बी तापतंया."

पुढच्या खेपेला सुहासिनीबाई गेल्या तेव्हा टेबलावर पेटी नव्हती. एक पातळ कागद आणि दौत ठेवलेली होती.

"मी सांगते, तुम्ही लिहा," मिस थॉर्नबी म्हणाल्या. "उत्तर द्यायचं राहिलंय. कुठे पाठवायचं ते विचारू नका."

सुहासिनीबाईंनी विचारलं नाही. टाक बुडवला.

"प्रिय आजी. मोजे मिळाले. सगळे अगदी बरोबर बसले. मी इथे सुखात आहे."

सुहासिनीबाईंचा हात क्षणभर थांबला. मोजे मिळाले, एवढंच यातलं खरं होतं. मग त्यांना आपणच लिहिलेली कार्डं आठवली. लग्नानंतरचा तो पहिला पावसाळा, अंगात ताप, हाताला फोड, आणि सासऱ्यांच्या नजरेखाली लिहिलेलं, "मी मजेत आहे. माझी काळजी करू नये." आईनं ती कार्डं जन्मभर जपली. त्यांनी मिस थॉर्नबींचा शब्दन् शब्द उतरवला, एकही गाळला नाही.

"सही?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं चाचपडत सही केली. शाई वाळेपर्यंत ती बसून राहिली. मग तिनं कागदाची कड बोटांनी शोधली, कागद काटकोनात फिरवला आणि सुहासिनीबाईंच्या पुढे सरकवला.

"आता लिहा, मिसेस बेहेरे," ती म्हणाली. "आता खरं सांगते."