तोइमुस अलीचा न मावळणारा दिवस

बांगलादेशातलं सिल्हेट ते लंडन आठ हजार किलोमीटर, साडेदहा तास. सुरमा नदीवर चाळीस वर्षं नाव वल्हवलेल्या तोइमुस अलीने हिशेब आधीच केला होता. सकाळी दहाला विमान सुटणार, रात्री साडेआठला पोचणार. म्हणजे सूर्यास्ताला, सहा वाजून पाच मिनिटांनी, वाटेतच, रोजा सोडायचा. गमछ्याच्या टोकाला त्याने तीन खजूर बांधून घेतले होते.

"प्रवासाला रोजा माफ आहे," इमाम म्हणाले होते. "आणि तुला साखरेचा आजार."

"साठ वर्षांत एक सुटला नाही, हुजूर. आता विमानासाठी सोडू?"

पहाटे भाताबरोबर त्याने साखरेच्या आजाराची गोळी गिळली होती.

आता मनगटावर सहा चाळीस झाले होते आणि खिडकीत भर दुपारचं ऊन होतं. नदीवर सूर्याने त्याला कधी फसवलं नव्हतं. तो पलीकडच्या सुपारीच्या झाडांमागे गेला की शेवटची खेप. इथे मात्र पंखावर खिळा ठोकावा तसा तो एका जागी होता. कयामतीला सूर्य डोक्याजवळ येऊन थांबेल, असं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. घशाला कोरड पडली. हात थरथरू लागले.

शेजारी सालेहा होती, वीस वर्षं लंडनला शिवणकाम करणारी गाववाली. तिने त्याचं मनगट धरलं.

"चाचा, हे घड्याळ सिल्हेटलाच राहिलंय. आपण सूर्याच्या मागे पळतोय."

"मग तो बुडणार कधी?"

"उतरल्यावर साडेतीन तासांनी. तेव्हा तुमच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजतील."

बारा! त्याच्या कपाळावर गार घाम फुटला. "तू कसा गं तग धरलास?"

"मी कुठे रोजा धरलाय? तुमच्या नाकासमोर दोनदा चहा प्याले. तुम्ही पुरुष अल्लाशीसुद्धा शर्यत लावता." मग तिचा आवाज खाली आला. "लंडनला मुलगा अकरा वर्षांनी बघणार तुम्हाला. त्याला बाप हवाय, चाचा, शवपेटी नको."

तोइमुसच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सूर्य बुडाला एकदाचा, असं क्षणभर वाटलं. पण अंधार बाहेरचा नव्हता. बाहेर ऊन तसंच होतं. या उन्हात मरायचं, खाली माती नाही, पाणी नाही, आणि कलमा म्हणायला जीभही वळत नाही.

गमछ्याची गाठ त्याला सुटेना. ती सालेहाने सोडली.

"थांब," तो पुटपुटला. त्याने खिडकीची झडप खाली ओढली, चोराने दार लोटून घ्यावं तशी. मग तोंड फिरवून खजूर चावला. दुसरा. तिसरा.

हळूहळू हात थांबले. भीती थांबली नाही. झडपेखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्याच्या मांडीवर पडली होती. तीन बिया मुठीत आवळून तो ती रेघ फिकी होण्याची वाट बघत राहिला.