एका वर्षाची चूक

आमोस मास्तरांचे डोळे मिटतात न मिटतात असं चाललंय. रविवारची उपासना आटोपली, घरी येऊन जेवण झालं, आणि आता पडवीतल्या बाजेवर अंग टाकलंय तर झोपही धड नाही आणि जागही धड नाही. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस थकायचाच, पण आजचा थकवा पायांतला नाही. संध्याकाळी पाच वाजता थोरल्या भावाच्या, हनोखदादाच्या, पहिल्या स्मरणदिनाची प्रार्थना आहे. पाळकसाहेबांनी आठ दिवस आधीच बजावून ठेवलंय, "मास्तर, चार शब्द तुम्हीच बोलायचे. जन्मभर त्यांच्याशी वाद घातलात, आता टाळता यायचं नाही."

वाद म्हणजे काय, थोडाथोडका? नगरच्या त्या मिशन कंपाउंडात हनोखदादाचं चाळीस वर्षं एकच पालुपद. प्रभूचं दुसरं आगमन तोंडावर आलंय, जगाचे दिवस भरलेत, जागे व्हा. घराच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेला तक्ता होता, त्यावर दहा शिंगांचं श्वापद, आणि ते श्वापद कसं कोण जाणे, थोडंफार शेजारच्या बैलासारखं दिसायचं. कुठे भूकंप झाला की दादा म्हणणार, बघा, लिहिल्याप्रमाणे चाललंय. साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा छापून यायला लागल्या तेव्हा त्यांत त्याला श्वापदाचा, म्हणजे सैतानाचा, अंक दिसला. आधार कार्ड काढायला तर तो मरेपर्यंत गेला नाही. आणि आमोस पडले गणिताचे मास्तर. चर्चला जायचे, पण डोकं घरी ठेवून जायचं त्यांना कधी जमलं नाही. ते म्हणायचे, "दादा, जमीन सरकते म्हणून हलते. तिला कुणी निरोप धाडलेला नसतो." शनिवारी संध्याकाळी ओट्यावर ही जुंपली की ऐकायला निम्मं कंपाउंड जमायचं.

सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दादानं एकदा सालच काढलं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. आणि त्या सालापायी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी आपली एकुलती एक पोर, तबिथा, हॉस्टेलवरून उचलून घरी आणली. शेवटाला घरातली माणसं एका छपराखाली असावीत म्हणून. अठ्ठ्याऐंशी साल आलं तसं निघून गेलं. तबिथाचं शिक्षण मात्र तिथंच तुटलं ते तुटलंच. पुढे बालवाडीत मदतनीस झाली, लग्नाचं जुळता जुळता राहिलं, आज सत्तावन्न वर्षांची आहे. बापाचं सगळं तिनं केलं, आता काकाचं करते. कंपाउंडात कुणाला ताप चढला की तिलाच हाक येते, "सिस्टर, जरा बघता का?" ती जाते, बघते, पण सिस्टर म्हटलं की तिचा चेहरा उतरतो.

आज सकाळी चर्चच्या पायरीवर चप्पल घालता घालता ती म्हणाली, "काका, आपलं चुकलं असं पप्पा तुमच्यापाशी कधी बोलले का? बोलले असतील तर आज तेवढंच सांगा. बाकी कौतुक नका करू."

"बघतो," मास्तर म्हणाले. बघायचं काय होतं त्यात? चूक कुठे झाली ते त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. दादाच्याही आधीपासून. आणि ते त्यांनी आजवर कुणापाशी चकार शब्दानं काढलेलं नाही.

बाज कुरकुरते. पायथ्याशी कुणीतरी बसलंय.

"पाय घे जरा," हनोखदादा म्हणतो.

मास्तर पाय आखडून घेतात. दादाच्या अंगात पांढरा सदरा आहे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पेटीत निजवताना घातला होता तोच. चेहरा मात्र साठीतला.

"तू गेलास ना?"

"झालं की वर्ष."

"मग आज कुठे इकडे?"

"पाच वाजता काय बोलणारेस ते ऐकायला आलोय," दादा म्हणतो. "तुझा भरवसा नाही."

मास्तरांना भीती वाटत नाही, उलट जरा बरंच वाटतं. वर्षभरात त्यांच्याशी कुणी नीट भांडलेलं नाही. "एक सांग," ते म्हणतात, "तिकडे काय आहे? तुझं खरं निघालं की माझं?"

"कळलं नाही अजून. सगळे बसून आहेत. वाट बघतायत."

"अजून?"

"अजून." दादाच्या आवाजात दुःख नाही, आनंदही नाही. एसटीची वाट बघून कंटाळलेल्या माणसाचा आवाज आहे तो.

ते बसलेत ती बाज आता चर्चचा बाक आहे. पुढेमागे सगळे बाक भरलेत. कुणाच्या हातात गायनाचं पुस्तक, कुणाच्या हातात दुधाची बरणी. दवाखान्यातला कंपाउंडर सत्यवान रणनवरे उभा राहतो. हा पक्का नास्तिक, शनिवारच्या वादात मास्तरांच्या बाजूचा, आणि वारून त्याला वीस वर्षं झालीत. "हनोखराव," तो म्हणतो, "प्रत्येक पिढीला वाटतं, आपणच शेवटचे. तुमच्या आजोबांनाही प्लेगच्या साथीत तसंच वाटलं होतं."

"एक पिढी तर शेवटची असणारच ना, रणनवरे?" दादा बसल्या जागेवरून म्हणतो. "ती आपली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो दिवस कुणालाच कळणार नाही, असं तुमच्याच शास्त्रात आहे."

"दिवस कळणार नाही म्हटलंय. सालाचं काही म्हटलेलं नाही."

सगळं चर्च हसतं, पण हसण्याचा आवाज येत नाही. नुसती तोंडं उघडतात आणि मिटतात. मास्तरांना एकदम सगळ्याचा शीण येतो. हीच वाक्यं, हेच टोले, चाळीस वर्षं. कुणाचं मत कधी तसूभर हललं नाही, आणि खरं सांगायचं तर ते हलावं अशी कुणाची इच्छाही नव्हती. वाद संपला असता तर शनिवारी करायचं काय?

वेदीच्या जागी फळा आहे. वर्ग आठवी ब, खिडकीतून पेरूचं झाड दिसतंय. बाकांवर कुणी नाही. फळ्यावर दादाच्या किरट्या अक्षरात तीन आकडे आहेत. दोन हजार पाचशे वीस, त्यातून वजा पाचशे बत्तीस, खाली रेघ, आणि रेघेखाली एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

"तपास," दादा म्हणतो.

असंच म्हणाला होता तो तेव्हाही. वही घेऊन शाळेत आला होता, मधल्या सुट्टीत. इसवी सनापूर्वी पाचशे बत्तीस हे त्याच्या मते कुठल्याशा राजाच्या फर्मानाचं साल, आणि तिथून पुढे शास्त्रातून काढलेली अडीच हजारांवर वर्षं. "तू मानत नाहीस ते राहू दे," तो म्हणाला होता. "आकडे तेवढे बघ. गणितात तुझा हात धरणारा नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं धाकट्याकडे काही मागितलं होतं. मास्तरांनी पेन्सिल घेऊन ओळीवरून ओळ बघितली आणि त्यांना चूक दिसली. अगदी सहावीतल्या पोराची चूक. इसवी सनापूर्वीचं पहिलं साल संपलं की दुसऱ्या दिवशी इसवी सनाचं पहिलं साल लागतं, मध्ये शून्य नावाचं साल नाही. दादानं सरळ वजाबाकी करून टाकली आणि नसलेलं एक साल मध्ये धरलं. उत्तर एका वर्षानं चुकलं. त्याच्या हिशेबानं यायला हवं होतं एकोणनव्वद.

मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, "आकडे ठीक आहेत."

"का म्हणालास?" दादा आता विचारतो. विचारतानाही तो रागावल्यासारखा दिसत नाही.

"म्हटलं, एक वर्ष आधी तुझं पितळ उघडं पडेल. एक वर्ष आधी तू शहाणा होशील." मास्तर फळ्याकडे बघून बोलतात. "शनिवारी सगळ्यांसमोर तुला गप्प करायचं होतं मला. दुसरं काही नाही, दादा. हीच अक्कल."

"तुझी पेन्सिल थांबली होती त्या ओळीशी."

मास्तर वळून बघतात.

"मी पाहिलं होतं," दादा म्हणतो. "मला तेव्हाच वाटलं, काहीतरी आहे इथे."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू हसला असतास."

पेरूच्या झाडाखाली कुणीतरी बसलंय, आणि तिथं शाळेचं आवार नाही, नर्सिंग हॉस्टेलचं फाटक आहे. वीस वर्षांची तबिथा लोखंडी ट्रंकेवर बसली आहे. अंगात गणवेश, डोक्याला पांढरी टोपी पिनांनी घट्ट बसवलेली. "पप्पा, पुढच्या एप्रिलात परीक्षा आहे," ती म्हणते. "तेवढी देऊ द्या, मग मी आपणहून येते."

"पुढचा एप्रिल यायचाच नाही, बाळ," दादानं तेव्हा म्हटलं होतं. मास्तर तिथंच उभे होते, तिच्या गादीची वळकटी काखेत धरून. एकोणनव्वद म्हणाले असते तर दादा वर्षभर थांबला असता. एप्रिल येऊन गेला असता, परीक्षा झाली असती, पोरीच्या हातात सर्टिफिकेट असतं. मग आला असता जगाचा शेवट तर आला असता, नसता तर नसता. त्यांना हे सगळं तिथंच, फाटकापाशी, लख्ख दिसलं होतं. तरी ते वळकटी सावरत एसटीत चढले होते.

आज दादा खाली वाकतो. ट्रंकेच्या कडीला हात घालून बघतो. ट्रंक हलत नाही.

"माझ्याच्यानं उचलत नाही," तो म्हणतो. "वर्षभर बघतोय."

मास्तर कडी धरतात. ट्रंक उचलते, पण असं वजन त्यांनी जन्मात उचललेलं नाही. फाटक दहा पावलांवर आहे आणि आत हॉस्टेलच्या व्हरांड्यात दिवे लागलेत. ते चालतात, पाय रोवून चालतात, कडी तळहातात रुतते, आणि फाटक दहा पावलांवरच राहतं.

"आमोस," मागून दादा म्हणतो. "माझी चूक झाकायला मी आलेलो नाही. सांग तू तिला. पण अर्धीच सांगू नकोस."

"हात सोलवटला रे, दादा."

"सोडू नकोस."

"काका, साडेचार झाले."

पडवीत ऊन तिरपं आलंय. तबिथा चहाचा कप घेऊन उभी आहे, केस विंचरलेले, अजून घरातल्याच साडीत. मास्तर उठून बसतात आणि कपाला उजवा हात पुढे करतात, तो तसाच राहतो. तळहातावर आडवा वळ उठलाय, लाल, बोटाएवढा जाड. मधोमध दोन ठिकाणी कातडी निघून रक्त साकळलंय.

तबिथा कप खाली ठेवते. मास्तरांचा हात हातात घेऊन उजेडाकडे वळवते, आणि तिची बोटं आपोआप नाडीवर जातात. बाजेला सगळी सुतळी आणि लाकूड, लोखंडाचा तुकडा नाही, हे तीही एकदा वाकून बघते. "हे कशानं झालं?"

"तुझी ट्रंक उचलली," मास्तर म्हणतात.

तिला वाटतं म्हातारा अजून झोपेत आहे. पण ते थांबत नाहीत. वही सांगतात, वजाबाकी सांगतात, मध्ये नसलेलं साल सांगतात. पेन्सिल कुठे थांबली होती ते सांगतात. ठीक आहे म्हणालो ते का म्हणालो, तेही सांगतात. "पप्पांचं चुकलं होतं, बाळ. पण ते मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. दोघांनी मिळून तुझं नुकसान केलं. मला फार लाज वाटते."

तबिथाची बोटं नाडीवरच आहेत. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आहे, मिनिट मोजत असल्यासारखी. मिनिट होऊन जातं तरी बघतच राहते.

"एप्रिलच्या दहा तारखेला पहिला पेपर होता," ती म्हणते. "माझ्या खोलीतल्या तिघी पास झाल्या. एकीचं पत्र आलं होतं."

मग ती हात सोडते आणि आत जाते. मास्तर चहाकडे बघत बसतात, पीत नाहीत. तिनं रडावं, भांडावं, निदान भांडं आपटावं, असं त्यांना वाटतं.

पाचला दहा कमी असताना ती बाहेर येते. पांढरी साडी नेसली आहे. एका हातात कापूस आणि औषधाची बाटली, दुसऱ्या हातात फडक्याची पट्टी. खाली बसून ती जखम पुसते, औषध लावते, पट्टी गुंडाळून टोक आत खोचते. काम नीट, भराभर, कुठे जास्त दाबणं नाही. मास्तरांना औषध झोंबतं, ते हात मागे घेत नाहीत.

"चला," ती म्हणते. "सगळ्यांच्या आधी तुम्ही बोला. आणि साल बरोबर सांगा."