हळू मागं घे

परवा भोरच्या बाजारात एक टेम्पो पीं पीं करत मागं येऊ लागला आणि माझ्या मुठी आपोआप आवळल्या.

पंधरा वर्षांपूर्वी मी हायवेलगतच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचो. पुढ्यात खोक्यांची थप्पी एवढी उंच, की पलीकडचं दिसायचं नाही. त्या दुपारी वळताना गाडीला हलका धक्का बसला आणि कुणीतरी कण्हलं. मी कचकन ब्रेक दाबला. बाजूनं वाकून पाहिलं तर पलीकडं भोरचे सलीमचाचा होते, आमच्यातले सगळ्यात वयस्कर हमाल. त्यांचा पाय नेमका कुठं अडकलाय, मला दिसेना. गाडी पुढं घ्यावी की मागं? जळक्या रबराचा वास नाकात भरला.

"चाचा, काय करू?"

"पाय चाकाखाली हाय," ते शांतपणे म्हणाले. "भिऊ नगंस. पुढं न्हाई, हळू मागं घे."

मी गाडी बोटभर, मग वीतभर मागं घेतली. पाय सुटला. दोन बोटं गेली, पण चाचा पुन्हा चालू लागले.

त्या दुपारी पाय सुटला तेव्हा त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. कुठंतरी आपटलं असेल, असं तेव्हा वाटलं. आज कळतं, ते ओरडले असते तर मी दचकून गाडी पुढंच घातली असती. म्हणून त्यांनी ओठ दातांत धरला होता.