शनिवारचे आजोबा

आमच्या गावातल्या सिंधीपुऱ्यातून, विणकरांच्या वस्तीतून चालताना मागावर चढवायच्या सुताच्या खळीचा आंबूस वास आला की माझी पावलं अजूनही मंदावतात. तो वास एका म्हाताऱ्या शिंप्याच्या सदऱ्याला यायचा. आणि त्या वासामागोमाग एक जुना राग येतो. तो मी कधी शिळा होऊ दिलेला नाही.

आमचं गाव नव्या हिंदी राज्यात गेलं तेव्हाचे ते दिवस. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती आणि आपण नव्या राज्यात कसे चपखल बसतो हे दाखवायची ज्याला त्याला घाई झाली होती. आमच्या मराठी शाळेतल्या एका बाईंना मात्र वेगळंच सुचलं. गल्लीतल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना त्या दर शनिवारी पहिलीच्या वर्गात बोलवायच्या आणि एकेका मुलाशेजारी बसवायच्या. माझ्या वाट्याला शिंपी आजोबा आले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, डोळे अधू, पण हात शाबूत. मी सुईत दोरा ओवून द्यायचा आणि त्यांनी मला पावकी-निमकी शिकवायची. "तुह्या डोयानं शिवी ऱ्हायलो मी, पोरी," असं म्हणून ते बोळकं पसरून हसायचे. चिंध्या जोडून ते माझ्यासाठी दप्तर शिवत होते. उरलेले सहा दिवस ते कुणाशीच बोलत नसत, हे मला फार उशिरा कळलं.

मग नवे हेडमास्तर आले. आमच्याच गावचे, आमच्याच बोलीतले. परके असते तर कदाचित मी विसरलेही असते. "ही शाळा आहे, धर्मशाळा नाही," म्हणाले आणि शनिवार बंद करून टाकला. शिंपी आजोबा तरीही आले. फाटकाशी उभे राहून मला हाक मारू लागले. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्या मुलांदेखत त्यांना दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. आजोबा एवढंच म्हणाले, "मी काही मांगाले नाही आलो साहेब. पोरीले भेटाले आलो." त्याच उन्हाळ्यात ते गेले. दप्तर अर्धंच राहिलं. सात वर्षांच्या मुलीलाही सूड कळतो, मोठ्या माणसांना उगीच वाटतं की कळत नाही.

पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, निवृत्त झाले आणि बाईंचा तो शनिवार पुन्हा सुरू केला. बालवाडीतली पोरं घेऊन मी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊ लागले. लोक म्हणायचे, केवढं पुण्याचं काम! पुण्य कसलं डोंबलाचं! पंच्याऐंशीच्या घरातले ते हेडमास्तर दिवसभर आपल्या ओट्यावर बसून असायचे, आणि त्यांच्यासमोरून जाऊन त्यांना डावलता यावं म्हणूनच मी त्या ओट्यावरून जाणारा रस्ता निवडला होता. एकदा त्यांचा मुलगा आला. "बाई, बाबा दिनभर अकेले बसतात. पोरांना थोडा वेळ इकडेपण भेजा ना."

"बाबांना विचार, शनिवार कुणी बंद केला होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, बाबांना असलं काहीच आठवत नाही. त्यानं तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर मी पोरांना शिकवलं की तो ओटा दिसला की हात धरायचे, पलीकडच्या बाजूला जायचं आणि तिकडे बघायचं नाही. हेडमास्तर हात उंचावून बोलवायचे. पोरं बघायची नाहीत. दोन वर्षं हे असंच चाललं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा मी गेले नाही.

परवाच्या शनिवारी गुडघ्यानं दगा दिला. पोरांना बालवाडीच्या नव्या बाईंबरोबर पुढच्या घरी जाऊन परत यायला सांगून मी वाटेतच थांबले आणि जो ओटा जवळ होता त्यावर टेकले. तो हेडमास्तरांचाच होता. थोड्या वेळानं कोपऱ्यावरून पोरं आली. मी हात उंचावला. एवढ्या लांबून माझा चेहरा त्यांना दिसला नसेल. पुढच्या चिमुरडीनं शेजारच्याचा हात घट्ट धरला. "उधर नहीं जाना, चल," म्हणाली, आणि सगळी रांग मान खाली घालून पलीकडे गेली.

मी हाक मारली नाही. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण हा राग माझा आहे आणि माझ्याबरोबरच संपेल, असं मी धरून चालले होते. ही पोरं आता कुठे पाच वर्षांची आहेत.